कुंपणाला शेजारी लागतो

वाशिममध्ये एखाद्याचं बरं चाललंय की नाही हे पाहायचं असेल तर त्याच्या घराकडं पाहू नये, कंपाऊंडाकडं पाहावं. घर कर्जावर उभं राहतं, गाडी हप्त्यावर येते, पोराचं पुण्यातलं शिक्षण सासऱ्याच्या भरवशावर होतं. पण नुसत्या कंपाऊंडासाठी कर्ज देणारी बँक माझ्या तरी पाहण्यात नाही. ते रोखीनंच बांधावं लागतं. म्हणून ज्याच्या घराला गिलाव्यासकट कंपाऊंड, कंपाऊंडाला ग्रील आणि ग्रीलला सोनेरी रंगाचे भाले, त्या माणसाकडं लग्नाचं स्थळ घेऊन जायला हरकत नाही.

रिसोड रोड म्हणा, हिंगोली रोड म्हणा, पुसद नाक्याच्या पलीकडं म्हणा किंवा लाखाळ्याकडं म्हणा, काल-परवापर्यंत जिथं सोयाबीन डोलत होतं तिथं आता लेआउट पडलेले आहेत. त्यांची नावं भारी असतात. ज्याच्या नावात ‘पार्क’ आहे तिथं झाड नाही आणि ज्याच्या नावात ‘व्ह्यू’ आहे तिथून समोरच्याचं संडासाचं टाकं दिसतं. तरी भाव मात्र ऐकून माणूस खाली बसतो.

यात आमचा दोष नाही. आमच्या जिल्ह्याचंच कुंपण एकदा कोणीतरी उपटून टाकलं होतं. इंग्रजांच्या अमदानीत बाशीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली साहेबाच्या मनात आलं आणि त्यानं तो मोडून अकोल्यात घातला. पुढं १ जुलै १९९८ ला तो परत वेगळा झाला. म्हणजे त्र्याण्णव वर्षं अकोल्याच्या एकत्र कुटुंबात धाकट्या भावासारखं राहून आम्ही वेगळी चूल मांडली. वेगळं निघालेल्या माणसाला आधी काय आठवतं? आपली हद्द. जिल्हा झाला तशी कार्यालयं आली, कार्यालयांमागं साहेब आले, साहेबांमागं बाबू आले, सगळ्यांना प्लॉट लागले आणि प्लॉट म्हटला की कंपाऊंड आलंच.

आता तर उलटीच रीत पडली आहे. पूर्वी लोक घर बांधत आणि पैसे उरले तर भिंत घालत. आता आधी भिंत, मग गेट, गेटला कुलूप, आणि घर पोरगं नोकरीला लागल्यावर. संध्याकाळी फिरायला निघालं की अशा कितीतरी कुलूपबंद भिंती लागतात. आत डोकावलं तर गाजरगवत, एखादी तुरीची ओळ, सिमेंटचं कोरडं टाकं, आणि दर्शनी भागावर लाल अक्षरांत ‘हा प्लॉट विकणे नाही’. विकत मागितला कोणी होता हा प्रश्न विचारायचा नसतो. ती पाटी म्हणजे मालकाच्या तब्येतीचं जाहीर निवेदन असतं.

या लेआउटांत राहायला आलेली निम्मी माणसं धुऱ्याच्या भांडणात वाढलेली आहेत. (धुरा म्हणजे शेताचा बांध, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) धुरा कोरणं ही आमच्याकडं वडिलोपार्जित कला आहे. दरसाल नांगरताना एकच तास शेजाऱ्याच्या अंगानं घ्यायचा, घाई करायची नाही. शेजारी नोकरीनिमित्त बाहेरगावी असेल तर धुरा जरा लगबगीनं चालतो. मग एक दिवस शेजारी दिवाळीला गावी येतो, आपलं शेत आंब्याच्या पलीकडं गेलेलं पाहतो आणि तहसीलची वारी सुरू होते. ज्यांना सही करता येत नाही असे म्हातारेसुद्धा मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम पाच आणि महसूल कायद्याचं कलम एकशेत्रेचाळीस पाण्यासारखं बोलतात. पहिला कायदा १९०६ चा, दुसरा १९६६ चा, आणि दोन्ही मिळून जेवढे वकील पोसले गेले तेवढी माणसं सोयाबीननंसुद्धा पोसली नसतील.

गंमत अशी, की जिथं कुंपणाची खरी गरज आहे तिथं ते घालायला पैसा नाही. शेतात रोही येतात, रानडुकरं येतात, कारंजा-सोहोळच्या अभयारण्याच्या आजूबाजूला काळविटांचे कळप येतात. पेरणीपासून राखण सुरू होते. कोणी बोराटीच्या काट्या लावतो, कोणी तार ओढतो, कोणी सौर झटका मशीन बसवतो. झटका मशीनला अनुदान आहे, पण अनुदानाची फाईल आणि रोही यांच्या शर्यतीत रोही पुढं असतो. मग शेवटचा उपाय म्हणजे साड्या. माझ्या काकूनं शेताच्या चारी बाजूंनी बांबू रोवून जुन्या साड्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं पदर फडफडले की डुकरं बुजतात म्हणे. काकूसोबत त्या धुऱ्यानं चक्कर मारणं म्हणजे आमच्या घराण्याचा इतिहास वाचणं आहे. “हे पाय, ही चुलतसासूनं नेसवेल. ही बारशातली. ही जांभळी तुया आत्याची, लुगडं हाय का मच्छरदानी तेच समजत नोतं.” ज्या नणंदेनं सगळ्यात विरळ साडी दिली त्याच बाजूनं डुकरं आत घुसतात, असा काकूचा पक्का अनुभव आहे. तिनं तो त्या नणंदेला भर पंगतीत सांगितलाही.

हे झालं चार एकराचं. इकडं लेआउटात दीड हजार चौरस फुटांसाठी सात फुटी भिंत. आत यायला टपलेलं कोण? एक शेळी. फार तर दोन. चोरांचं म्हणाल तर उंच भिंतीसारखी त्यांची सोय नाही. एकदा आत उतरला की रस्त्यावरून कोणाच्या बापाला दिसत नाही, निवांत काम करता येतं. तरीही भिंत हवी, कारण शेजारच्यानं घातली. आणि शेजारच्यानं का घातली? आपण घालणार म्हणून.

माझ्या प्लॉटच्या पश्चिमेला एक सेवानिवृत्त साहेब राहायला आले. माणूस अत्यंत सज्जन, हयात सरकारी नोकरीत गेलेली, त्यामुळं कुठलीही गोष्ट लेखी असल्याशिवाय घडली असं मानत नाहीत. एका रविवारी ते आले, चहा घेतला, आणि म्हणाले, “सर, आपल्या दोघांच्या मधात भिंत घालायची म्हणतो. आपले संबंध चांगले आहेत तोवर घालून घेऊ.” मला हे वाक्य अजूनही आवडतं.

आता भिंत घालायची म्हणजे आधी हद्द कुठं आहे ते कळायला हवं, आणि तिथून पुढं मौज सुरू होते. जमिनीच्या कागदाची परंपरा वाशिमला नवी नाही. हे गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट १९३९ साली इथंच सापडला. नांदेडकडचं एक गाव राजानं ब्राह्मणांना दान दिलं, त्याचा तो कागद. कागद कसला, तांब्याचा पत्रा. राजाच्या शिपायांनी त्या गावात पाऊल टाकायचं नाही, अशी सवलतसुद्धा त्यात कोरलेली. दीड हजाराहून जास्त वर्षं झाली तरी अक्षर शाबूत आहे. माझी आखीव पत्रिका प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली तरी चार पावसाळ्यांत तिच्यावरचा शिक्का धूसर झाला आहे, आणि शिपायानं पाऊल टाकू नये अशी सोय तर तिच्यात मुळीच नाही.

आमच्या लेआउटात हद्दीचे दगड होते. विकणाऱ्यानं ते स्वतः दाखवले होते, प्रत्येकावर पांढरा पट्टा मारलेला. पण सौदे झाले, रस्ते झाले, नाल्या खोदल्या गेल्या आणि दगड एकेक करून संसाराला लागले. एक कोणाच्या तरी मोरीत धुणं धुवायला गेला, एकावर गिरणीवाल्याचा ग्राहक बसतो. साहेबांच्या आणि माझ्या मधला दगड शेवटी समोरच्या हनुमानाच्या ओट्याशी सापडला. त्याला कोणीतरी शेंदूर लावलेला होता. त्याला तिथून हलवून हद्दीवर रोवा असं म्हणण्याची छाती दोघांचीही झाली नाही.

मग मोजणी. पूर्वी मोजणी साधी, तातडीची आणि अतितातडीची अशी असे. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार ठेवले आहेत. नाव बदललं की काम लवकर होतं अशी सरकारची श्रद्धा आहे, आणि श्रद्धेवर टीका करू नये. माझ्या आजोबांच्या काळात साखळी यायची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी ओढणारा जरा ढिला धरायचा की ताणून, यावर कोंबडी ठरायची. आता भूकरमापक तिपायी आणि रोव्हर घेऊन येतात. उपग्रह वरून पाहतो, यंत्रावर आकडे उमटतात, आणि त्या उपग्रहाला कोंबडी चालत नाही ही जुन्या लोकांची मोठी अडचण झाली आहे.

मोजणीला अख्खी ओळ जमा झाली. निकाल असा लागला, की साहेबांनी माझं काही घेतलेलं नाही आणि मीही त्यांचं नाही. सगळी ओळच सरकलेली आहे. कोपऱ्यावरच्या पहिल्या माणसानं सुरुवातीला रस्त्याकडच्या बाजूनं अर्धा फूट जास्त सोडला, त्याच्या शेजाऱ्यानं त्याची भिंत प्रमाण मानली, पुढच्यानं याची, असं करत करत प्रत्येक जण दुसऱ्याच्या प्लॉटवर अर्धा फूट उभा आहे आणि तेवढाच स्वतःचा गमावून बसला आहे. हिशेब चोख. फक्त शेवटच्या प्लॉटवाल्याचा एक कोपरा नाल्यात गेला. त्याला सगळ्यांनी समजावलं, की नाल्याकाठी हवा चांगली असते.

हद्द ठरली आणि वास्तुशास्त्र निघालं. माझ्याकडं आलेल्या गृहस्थांनी होकायंत्र जमिनीवर ठेवून सांगितलं, “सर, पश्चिमेची भिंत उंच आणि जड पाहिजे. तिथं काटकसर करू नका, लक्ष्मी त्या बाजूनंच निघून जाते.” साहेबांकडं दुसरे गृहस्थ आले. त्यांनी सांगितलं, “साहेब, पूर्वेची भिंत ठेंगणी आणि हलकी पाहिजे. उंच केली तर वंशवृद्धी थांबते.” आता माझी पश्चिमेची भिंत आणि साहेबांची पूर्वेची भिंत ही एकच भिंत आहे. ती उंच केली तर साहेबांचा वंश थांबतो, ठेंगणी ठेवली तर माझी लक्ष्मी जाते. साहेबांचा मुलगा बंगळुरूला असतो आणि लग्नाला तयार नाही, त्यामुळं तो मुद्दा त्यांच्यासाठी नाजूक होता. माझ्याकडं लक्ष्मी कधी फार वेळ बसलेली नाही, त्यामुळं माझा मुद्दा जरा कच्चा पडला.

शास्त्र दोघांचंही एकच, ग्रंथही एकच. तरी भारतातल्या प्रत्येक सामाईक भिंतीवर ही अडचण कशी आली नाही? आली आहे. तुम्ही कुठल्याही सुखवस्तू लेआउटात जाऊन बघा, काही ठिकाणी दोन प्लॉटांच्या मधात दोन भिंती दिसतील. पाठीला पाठ लावून, एक उंच, एक ठेंगणी, मधे हातभर फट. ती फट वास्तुशास्त्राची. ती कोणाच्याच ताब्यात नाही. तिच्यात मुंगूस राहतं, साहेबांच्या आणि सरांच्या पोरांचे बालपणीचे सगळे चेंडू राहतात, आणि एखादं बाटलीचं टोपण टाकून तिथं संध्याकाळी कोण उभं होतं याची चर्चा राहते.

मी वहीत एक गणित मांडून पाहिलं. प्लॉट तीस बाय पन्नास. चारी बाजूंनी नऊ इंची भिंत आपल्याच हद्दीत बांधली तर तिच्याखाली जवळजवळ एकशेअठरा चौरस फूट जमीन जाते. बारा फुटांचं गेट वजा केलं तरी शंभराच्या वर. आता समजा शेजाऱ्यानं पन्नास फूट लांबीवर सहा इंच दाबले. किती झाले? पंचवीस चौरस फूट. म्हणजे शेजाऱ्यानं वाटेल तेवढी बदमाशी केली असती तरी त्याला जे जमलं नसतं, ते आपण रोख पैसे मोजून स्वतःवर करून घेतो. कुंपणानं शेत खाल्लं ही म्हण आपण भ्रष्ट अधिकाऱ्यांवर वापरतो. ती बहुधा एखाद्या मोजणीदारानं सरळ अर्थानं केलेली असावी. हा हिशेब मी साहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा तपासला आणि म्हणाले, “बरोबर आहे. याची एक प्रत मला द्या.” भिंत हद्दीच्या रेषेवर अर्धी-अर्धी घालायची, खर्च निम्मा-निम्मा, असं तिथं ठरलं. सरकारी माणसाला आकडा पटतो, फक्त तो त्याच्या फाईलला लागला पाहिजे.

उंचीचं काय? त्याला नियम आहे. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० च्या डिसेंबरात आली, तिच्यात कंपाऊंडची भिंत समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटरपर्यंत, आणि वरचा नव्वद सेंटिमीटरचा भाग आरपार दिसेल असा जाळीचा ठेवला तर दोन मीटर चाळीसपर्यंत. कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणापाशी भरीव भिंत फक्त पाऊण मीटर, गाड्या दिसाव्यात म्हणून. नियम समंजस आहे. आमच्याकडं तो कोणी मोडतही नाही, फक्त थोडा थांबतो. उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजायची, आणि रस्ता दर निवडणुकीला नव्या काँक्रिटच्या थरानं वर येतो. जुना थर खोदून काढण्याची पद्धत नाही. त्यामुळं आज सात फुटी असलेली बेकायदा भिंत धीर धरला तर नातवाच्या हयातीत आपोआप कायदेशीर होते. तोवर घर खड्ड्यात गेलेलं असतं आणि पावसाचं पाणी बैठकीत येतं, पण ते दुसऱ्या विभागाचं काम.

आमची उंची शेवटी ना नियमावलीनं ठरवली ना वास्तुवाल्यांनी. ती साहेबांच्या बाई आणि माझी बायको या दोघींनी ठरवली. दोघी हद्दीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, “इथपर्यंत.” म्हणजे हनुवटीच्या खाली. वाटी इकडून तिकडं जाईल, बोलता बोलता दोन्ही घरांच्या दारात कोण आलं ते दिसेल, आणि नवऱ्यांना वाकल्याशिवाय ऐकू जाणार नाही. मी म्हणालो, मग भिंत कशाला हवी? बायको म्हणाली, “टेकायला.” आमच्या भिंतीचा याहून स्पष्ट उद्देश कोणी सांगितलेला नाही.

पाया खोदायला घेतला तेव्हा खरा मालक कळला. तो म्हणजे काळी माती. वाशिमची काळी माती सोयाबीनला आई आणि भिंतीला सवत. उन्हाळ्यात ती आटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती पाणी पिऊन फुगते आणि वर जे काही असेल ते उचलते. दोन फुटांवर भरलेल्या पायावरची भिंत पहिल्या मृगात सरळ असते, दुसऱ्या मृगात शेजाऱ्याकडं झुकते, तिसऱ्यात तिला तिरपी चीर जाते, आणि दोन्ही घरांत एकमेकांच्या मिस्त्रीविषयी बोलणं सुरू होतं. आमच्या मिस्त्रीनं दोरी लावली, फक्कीनं रेघा मारल्या आणि सांगून टाकलं, “सायेब, मुरूम लागेलोक खंदा लागते. मंधातच थांबले तं भित तुमची, पन चालवीन थे माती.” मुरूम काही लवकर लागेना. खड्डा खोल चालला तसा खर्च खोल चालला. साहेब रोज सकाळी टेप घेऊन खड्ड्याची खोली मोजायचे आणि डायरीत लिहायचे. एवढ्या खोलवर निव्वळ कंपाऊंडासाठी गेलेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं येणारे-जाणारे विहिरीला पाणी लागलं का, असं विचारायचे.

कुंपणापायी खड्ड्यात पैसा घालण्याचा विक्रम मात्र आमचा नाही. तो इंग्रजांचा. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ इकडून तिकडं नेऊ नये म्हणून त्यांनी एकोणिसाव्या शतकात सिंधू नदीपासून खाली थेट आमच्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत जकातीची रेषा आखली आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण लावलं. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग. काही ठिकाणी ते दोन माणसं उंच आणि चौदा फूट रुंद वाढलं. राखणीला बारा हजारांवर माणसं. या कुंपणाची निगा काही वर्षं ज्यांच्याकडं होती ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढं १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेतला ते हेच गृहस्थ. कुंपणाला पाणी घालण्यात उमेदीची वर्षं गेली की माणूस लोकांना एकत्र आणण्याच्या मागं लागतो, एवढं त्यावरून दिसतं. वाळवी लागायची, वणवा लागायचा, रोपं जळायची, आणि चोरटे मिठाची पोती वरून पलीकडं फेकायचे. १८७९ साली सरकारनंच ती रेषा मोडीत काढली. एवढ्या मोठ्या कुंपणाचं पुढं काय झालं? लोकांनी सरपणाला नेलं असणार. वऱ्हाडात काटी फुकट मिळत असताना विकत कोण घेतो?

भिंत वर आली आणि तिथं मला या सगळ्या प्रकरणातली मेख कळली. शेजाऱ्यापासून वेगळं होण्यासाठी जी भिंत घालायची ती शेजाऱ्याशिवाय पुरी होत नाही. आतल्या अंगानं गिलावा आपल्या प्लॉटमध्ये उभं राहून मारता येतो, बाहेरच्या अंगाला मारायचा तर मिस्त्रीला शेजाऱ्याच्या प्लॉटमध्येच परांची बांधावी लागते. त्याचं गुलाबाचं झाड तुडवावं लागतं. माल त्याच्या अंगणात पडतो. म्हणजे बोलचाल हवी. लेआउटातून फिरताना हे एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसतच नाही. जिथं भिंतीचं बाहेरचं अंग गुळगुळीत, रंग दिलेलं, तिथं दोन घरांचं येणं-जाणं आहे. जिथं आतून संगमरवरी टाइल्स आणि बाहेरून उघड्या विटा, विटांमधून ओघळलेला माल तसाच वाळलेला, तिथं समजावं की ‘काय हो’ सुद्धा बंद आहे. आमच्या मागच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांची अशी भिंत आहे. दोघांनीही आपापली बांधली, दोन्ही भिंतींची बाहेरची अंगं एकमेकांकडं उघडी. मुंगसालासुद्धा तिथं राहायला नको वाटत असेल.

पाण्याचंही तसंच. भिंतीला निदान आठवडाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंटचं पीठ होतं. एकबुर्जी धरणाचं पाणी नळाला येईल त्या दिवशी येईल, त्याच्या भरवशावर भिंत पक्की होत नाही. माझ्या बोअरला उन्हाळ्यात फक्त आवाज येतो. साहेबांच्या बोअरला पाणी आहे. म्हणून आमच्या दोघांमधली भिंत, माझ्या बाजूनंसुद्धा, साहेबांच्या पाण्यानं पक्की झाली. सकाळी ते नळी घेऊन उभे राहायचे, आधी त्यांची बाजू, मग नळी वरून टाकून माझी. त्याच वेळी मला पेपरातल्या बातम्या ऐकवायचे. भिंत नव्हती तेव्हा आम्ही महिनोन्‌महिने बोललो नव्हतो.

भिंत पूर्ण झाली की कंपाऊंड पूर्ण झालं, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं आमच्याकडची रस्त्याची बाजू पाहिलेली नाही. तिथं भिंतीच्या बाहेर नगर परिषदेच्या जागेत चार फुटांची बाग असते. जास्वंद, तुळस, एक कडीपत्ता. शेळ्या खातात म्हणून तिला जाळी. जाळी वाकते म्हणून अँगल. अँगल हलतो म्हणून काँक्रीट. म्हणजे कुंपणाचं कुंपण. हद्दीवरून सहा इंचांसाठी मोजणी मागवणारा माणूस रस्त्याचे चार फूट इतक्या निरागसपणे घेतो की त्याला अतिक्रमण म्हणणाऱ्याचीच लाज वाटते. वर तो सांगतो, “झाडं लावली आहेत, सगळ्यांसाठीच आहेत.” लेआउटात कायद्यानं सोडलेली दहा टक्के मोकळी जागा असते. तीही सगळ्यांसाठीच असते. तिथं आधी गजानन महाराजांचं मंदिर होतं, मग मंदिराला टिनाचं शेड, मग शेडला कुंपण, आणि किल्ली कोणाकडं असते ते ज्याचं त्याला माहीत. त्या कुंपणाच्या मोजणीसाठी मात्र आजवर कोणी अर्ज केलेला नाही.

आमचं सगळं ठरल्याप्रमाणं पार पडलं. पैसे निम्मे-निम्मे, उंची बायकांची, पाणी साहेबांचं, खड्डा मिस्त्रीचा. साहेबांचे वास्तुवाले म्हणाले, ठेंगणी आहे, चालेल. माझ्या वास्तुवाल्यांनी माझ्या बाजूनं भिंतीला लागून चार जड कुंड्या ठेवायला सांगितल्या आणि त्या कुठल्या दुकानातून घ्यायच्या तेही सांगितलं. भिंतीचा रंग कोणता, यावर दोन दिवस गेले आणि दोन बाजूंना दोन रंग ठरले. राहिलं होतं फक्त वरचं कोपिंग. मिस्त्री भिंतीवर घोडा करून बसला, थापी हातात घेतली, आणि त्यानं खाली पाहून विचारलं, “सायेब, उतार कोनाकडं देऊ?”

पावसाचं पाणी म्हणजे भिंतीवरचं पाणी कोणाच्या अंगणात पडणार, हा तो प्रश्न. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुंड्यांकडं पाहिलं. मी सुचवलं, की मधात पाठ काढून दोन्हीकडं निम्मा-निम्मा द्यावा. साहेब म्हणाले, “तत्त्वतः मान्य आहे सर, पण पाऊस पश्चिमेकडून येतो. झड माझ्या बाजूला बसते. म्हणजे मी आधीच ज्यादा पाणी घेतो आहे.” मी म्हणालो, ते आकाशाचं आहे, भिंतीचं नाही. साहेब म्हणाले, “पण पडतं कोणाकडं?” मी म्हणालो, पूर्वेकडं पाणी उतरलेलं चांगलं, असं माझे वास्तुवाले म्हणतात. ते म्हणाले, “माझेही तेच म्हणतात.” पण त्यांच्या प्लॉटची पूर्व म्हणजे ही भिंत, आणि माझ्या प्लॉटची पूर्व पार दुसऱ्या टोकाला. हे दोघांनाही एकदमच लक्षात आलं. साहेबांनी आतून डायरी मागवली. मी फोन काढला.

मिस्त्रीनं दोघांकडं पाहून घेतलं, थापी धुतली, घमेलं पालथं घातलं आणि खाली उतरला. “तुमी ठरवा जी आरामात,” तो म्हणाला, “तवलोक मी मांगच्या गल्लीतल्या त्या दोन भावाइचं पाहून येतो. एकानं मले बलावलं हाय. भित पाडाची म्हन्ते.”